पडद्याकडून पडद्याकडे

मराठीत नाटकाच्या रंगमंचावर मागे लटकतो तोही पडदा आणि सिनेमाच्या थेटरात समोर असतो तोही पडदाच. एकावर रंग असतो, दुसऱ्यावर नुसता उजेड. कोल्हापूरच्या एका कारागिराच्या मुलानं या दोन पडद्यांमधलं अंतर हातातला ब्रश खाली न ठेवता पार केलं. त्याचं कागदोपत्री नाव बाबूराव कृष्णराव मिस्त्री. गावानं त्याला त्याच्या कामाचं नाव दिलं आणि तेच पुढे आडनाव झालं: बाबूराव पेंटर. भारतीय सिनेमाच्या इतिहासात त्यांची नोंद दिग्दर्शक म्हणून होते आणि ती योग्यच आहे. पण त्यांनी सिनेमाला जे जे दिलं, ते आधी चित्रकाराच्या डोळ्याला सुचलेलं होतं. म्हणून त्यांच्याकडे पाहायचं तर पेंटर म्हणूनच पाहायला हवं.

जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. वडील कृष्णराव हाताचे कसबी होते. लाकूड, लोखंड, कोरीवकाम असं सगळं घरात चालायचं. बाबूराव कुठल्याही कलाशाळेत गेले नाहीत. मुंबईची जे. जे. कलाशाळा त्या काळी चित्रकाराची ओळख असे. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारे फाळके तिथून शिकून बाहेर पडलेले, चित्रकार आबालाल रहिमानही तिथलेच. बाबूरावांची शाळा म्हणजे घरातली हत्यारं आणि चुलतभाऊ आनंदराव. हे आनंदराव मिस्त्री विलक्षण माणूस असले पाहिजेत. रंग, यंत्र, छायाचित्रण या सगळ्यांत त्यांचा हात चाले, आणि दोघं भाऊ इतके एकत्र काम करत की १९१० ते १९१६ या काळातल्या कामात कोणता ब्रश कुणाचा, हे वेगळं काढणं अवघड आहे.

ते काम होतं नाटकाचे पडदे रंगवण्याचं. संगीत नाटकाचा तो बहराचा काळ. गायक-नट केशवराव भोसले कोल्हापूरचेच आणि बाबूरावांच्याच वयाचे. त्यांची ललितकलादर्श ही नाटक कंपनी १९०८ साली निघाली, बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली. या कंपन्यांना राजवाडा, उद्यान, रस्ता, अरण्य असे पडदे लागत आणि चांगल्या पडद्याला प्रेक्षक टाळी देत. १९१५ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभं केलं. पुढे त्याला केशवरावांचं नाव मिळालं आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये ते आगीत सापडलं, तेव्हा अख्खं गाव हळहळलं. अशा रंगमंचांसाठी मिस्त्री बंधू काम करत होते.

पडदा रंगवणं म्हणजे मोठं चित्र काढणं नव्हे. कापडाला आधी सरस किंवा खळ लावून त्याची तहान भागवावी लागते, नाहीतर ते सगळा रंग पिऊन टाकतं. मग कोळशाची पूड लावलेली दोरी ताणून, टिचकी मारून सरळ रेषा उमटवायच्या. त्या रेषा लांबवर एका बिंदूत मिळाल्या की सपाट कापडावर दालनाची खोली तयार होते. रंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. उद्या तो कसा दिसेल हे आज ठरवावं लागतं. पाहणारा चाळीस-पन्नास फुटांवर बसलेला, उजेड गॅसबत्तीचा. जवळून रंगाचे फराटे दिसणारी जागा लांबून संगमरवरी खांब दिसली पाहिजे. सावली कुठं टाकली की वस्तू पुढे येते आणि प्रकाश कुठून आला तर माणसाच्या चेहऱ्यावर नजर ठरते, हे बाबूराव इथं शिकले. पुढे त्यांना लागलेलं बहुतेक शिक्षण या कापडावर झालं होतं.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या चित्रपटानं मिस्त्री बंधूंना झपाटलं. वर्षानुवर्षं ते ज्या चित्रात खोली, प्रकाश आणि भास आणण्यासाठी धडपडत होते, ते चित्र आता चालायला लागलं होतं. पण फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. या भावांकडे लंडनला जाण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी ठरवलं, कॅमेरा आपणच करायचा.

हे धाडस किती मोठं होतं, ते यंत्राच्या आत डोकावल्यावर कळतं. सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची. दोन्ही कडांना भोकांची रांग, प्रत्येक चित्राला एका बाजूला चार भोकं, एका फुटात सोळा चित्रं. ही पट्टी सलग सरकत गेली तर नुसता धुरळा उमटेल. तिनं भिंगामागे येऊन क्षणभर गच्च थांबायचं, झडप उघडून बंद व्हायची, मग एका नखानं भोकात शिरून पट्टी बरोबर चार भोकं खाली ओढायची, आणि पुन्हा थांबायचं. हे सेकंदाला सोळा वेळा. झडप मिटलेली असतानाच पट्टी हलली पाहिजे. नख केसभर चुकलं तर चित्र पडद्यावर थरथरतं, भोक फाटलं तर सगळा रीळ वाया. हे सगळं हातानं फिरवायच्या दांड्यावर, सेकंदाला दोन फेरे, न चुकता. असं यंत्र नुसतं पाहून, समजून घेऊन, लेथवर त्याचे भाग कातून कोल्हापुरात बनवायचं होतं!

१९१६ साली आनंदराव गेले. काम अर्ध्यावर राहिलं. ज्याच्याबरोबर प्रत्येक रेषा ओढली, तो भाऊ गेल्यावर बाबूरावांनी ते यंत्र गुंडाळून ठेवलं असतं तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी ते हाती धरलं. जोडीला विष्णुपंत दामले होते. ते पडद्यांचं काम शिकायला या भावांकडे आले होते आणि त्यांची यंत्रातली गती अफाट होती. १९१८च्या सुमाराला दोघांनी मिळून कॅमेरा पुरा केला. तो चालला. एवढंच नव्हे, त्यावर अख्खा चित्रपट निघाला.

जगाच्या इतिहासात याला जुळणारी दोन माणसं आहेत आणि दोघंही चित्रकारच. पॅरिसचा लुई दागेर हा नाटकाचे पडदे रंगवणारा. खऱ्याचा भास व्हावा म्हणून प्रकाशाशी खेळता खेळता तो छायाचित्रणापर्यंत पोचला आणि १८३९ साली ते जगापुढे आलं. अमेरिकेचा सॅम्युएल मोर्स व्यक्तिचित्रं करून पोट भरायचा. त्यानं आपलं पहिलं तारयंत्र चित्राचा कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीवर उभारलं. १८३९च्या वसंतात हे दोघं पॅरिसमध्ये एकमेकांना भेटलेही होते. या दोघांच्या पंक्तीत बाबूरावांना बसवताना मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही. दागेर आणि मोर्स यांनी नवी गोष्ट शोधली, बाबूरावांनी असलेली गोष्ट पुन्हा घडवली, हा फरक खरा. पण मोठ्या राजधान्यांपासून दूर, सुट्या भागांचं दुकान नसलेल्या गावात ती घडवणं ही वेगळ्याच जातीची बुद्धी आहे. आज कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं शिल्प उभं आहे, ते याच कामाची आठवण म्हणून.

कॅमेरा होत होता तेव्हाच महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर यांनी हात दिला, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. कोल्हापूर सिनेमाचं गाव झालं याचं मूळ इथं आहे, आणि त्या मुळाशी एका गाणाऱ्या बाईचा पैसा आहे, हे विसरता कामा नये. दामल्यांबरोबर कागलचे फत्तेलाल आले. साहेबमामा म्हणून गाव त्यांना ओळखायचं. तेही रंगाचे आणि हत्यारांचे माणूस. पुढे शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण आला. झाडण्यापासून अभिनयापर्यंत पडेल ते काम त्यानं केलं. महाराष्ट्र फिल्म कंपनीत ‘माझं काम’ असं काही नसायचं. सेट उभारणारा संध्याकाळी मिशा लावून सैनिक व्हायचा.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. ७ फेब्रुवारी १९२० रोजी तो पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. विषय कीचकवधाचा. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारनं १९१० साली बंदी घातली होती, कारण कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. दहा वर्षांनी तीच कथा चित्रपटात आली तेव्हा प्रेक्षकांच्या मनात काय उसळलं असेल, याची कल्पना करता येते. भीमाच्या हातून होणारा कीचकाचा वध इतका खरा वाटला की थेटरात किंकाळ्या उठल्या असं सांगतात. तो प्रसंग पुढे कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. पुढच्या ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी टिळक गेले.

‘सैरंध्री’त स्त्रियांची कामं गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी केली; पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले आधी आल्या होत्या, त्यामुळे पहिलेपणाचा मान त्यांचा. पण कोल्हापूरसारख्या गावात १९२० साली दोन बायकांनी कॅमेऱ्यापुढे उभं राहणं म्हणजे घर आणि नातीगोती पणाला लावणं होतं. त्यांची नावं दिग्दर्शकाच्या नावाइतक्याच आदरानं घ्यायला हवीत.

आता पेंटरकडे येऊ. त्या काळच्या बहुतेक चित्रपटांत पात्रांमागे रंगवलेला पडदाच असे, जणू नाटकच कॅमेऱ्यापुढे उभं केलं आहे. जो माणूस पडदे रंगवण्यात अव्वल होता, त्यानंच सिनेमातून रंगवलेला पडदा काढून टाकला. खरी भिंत, खरा खांब, खरा दरवाजा, ज्यातून पात्र आत येऊ शकेल आणि ज्याची सावली जमिनीवर पडेल. बाबूरावांना कापडावरच्या खोट्या सावलीच्या मर्यादा कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होत्या. स्वतःच्या सर्वांत पक्क्या विद्येचा त्याग करणं सोपं नसतं.

दुसरी अडचण रंगांची. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. कपाळावरचं कुंकू काळं ठिक्कर उमटे, लाल शालू काळा होई आणि निळंभोर आभाळ पांढरंफटक. डोळ्यांना सुंदर दिसणारा पोशाख पडद्यावर कोळशासारखा दिसायचा. चित्रकाराला मात्र रंग आणि रंगाचा गडदपणा या दोन गोष्टी वेगळ्या पाहायची सवय असते. बाबूराव पात्रांची, पोशाखांची, हालचालींची रेखाटनं आधी करत आणि मग कॅमेरा लावत. पुढे जपानचा अकिरा कुरोसावा असंच प्रसंग रंगवून मग चित्रीकरण करायचा आणि जगानं त्याचं कौतुक केलं. तोही मुळात चित्रकार व्हायला निघाला होता.

तिसरी गोष्ट प्रकाश. फिल्म फार मंद, म्हणून चित्रीकरण भर उन्हात. रात्र दाखवायची तर दिवसा चित्रण करून पट्टी निळ्या रंगात बुडवायची. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर १९२३ साली ‘सिंहगड’ काढताना बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. तानाजीची लढाई काळोखातली आहे. तिथं दिवसाचं ऊन चालणार नव्हतं. अंधार काढायचा असेल तर उजेड कुठं थोडाच ठेवायचा, हे पडदे रंगवणाऱ्याला सांगावं लागत नाही. ‘सिंहगड’ला एवढी गर्दी लोटली की सरकारला करमणूक कर सुचला असं म्हणतात.

त्यांच्या जाहिरातींचंही सांगायला हवं. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रं असलेली पुस्तिका ते विसाव्या शतकाच्या विशीतच काढत होते आणि पोस्टर स्वतः रंगवत होते. ‘कल्याण खजिना’ला (१९२४) वेम्बलीच्या प्रदर्शनात पदक मिळालं, आणि आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपोस्टरांत त्याचंच नाव घेतलं जातं.

पण या सगळ्यांपेक्षा मोठी गोष्ट १९२५ साली घडली. देव, राक्षस, मावळे, राजपूत यांच्या चित्रपटांवर कंपनी चालत होती. अशा वेळी बाबूरावांनी ना. ह. आपट्यांची कथा घेऊन ‘सावकारी पाश’ काढला. नायक एक शेतकरी. सावकार खोट्या कागदावर त्याची जमीन गिळतो, आणि तो गाव सोडून शहरात गिरणीत मजूर होतो. चमत्कार नाही, तलवार नाही, शेवटी देव धावून येत नाही. त्या तरुण शेतकऱ्याचं काम शांतारामांनी केलं होतं. चित्रपट चालला नाही. पौराणिक वैभवाची चटक लागलेल्या प्रेक्षकांना आपल्याच घरातली कर्जाची वही पडद्यावर पाहायची नव्हती. जगात इटलीच्या वास्तववादी चित्रपटांचा बोलबाला झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. ‘दो बिघा जमीन’ १९५३चा. शेतकऱ्याच्या जमिनीची तीच व्यथा कोल्हापूरच्या पेंटरनं त्याआधी अठ्ठावीस वर्षं पडद्यावर आणली होती. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत मोठं काम, कॅमेऱ्यापेक्षाही. यंत्र जिद्दीनं होतं. आपल्या प्रेक्षकाला नको असलेलं सत्य त्याला दाखवायला वेगळी छाती लागते.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर या चौघांनी सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलावर प्रभात फिल्म कंपनी काढली. हे चौघंही महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. गुरूचं घर एकाएकी रिकामं झालं. दोन वर्षांत बोलपट आला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी मूकपटाच्या काळाबरोबरच मिटली. बाबूरावांना आवाजाचं फारसं आकर्षण नव्हतं. चित्रातून बोलायची जी भाषा इतक्या कष्टानं तयार झाली, ती संवादांच्या लोंढ्यात वाहून जाईल अशी त्यांना भीती होती. ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे मोजके बोलपट त्यांनी केले. १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा केला, आता बोलका. एकदा न चाललेली गोष्ट अकरा वर्षांनी तीच सांगावीशी वाटणं, यातून तो विषय त्यांच्या किती आत रुतला होता ते कळतं. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ त्याच वर्षीचा, ज्याचा १९३७ साली व्हेनिसमध्ये गौरव झाला. तुकोबांच्या घराच्या त्या साध्या भिंती, अंगणातला तो उजेड पाहताना मला नेहमी त्या दोघांचे पडदे रंगवण्याचे दिवस आठवतात.

बाबूराव पुन्हा रंगांकडे आणि मातीकडे वळले. चित्रं काढली, शिल्पं केली. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात पूर्वी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. स्वातंत्र्यलढ्यात लोकांनी तो विद्रूप केला. त्या जागी १९४५ साली शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला, तो बाबूरावांच्या हातचा. रोज हजारो माणसं तिथून जातात. ‘पेंटर’ म्हणून ज्याला ओळखलं, त्याचं गावातलं सर्वांत जास्त पाहिलेलं काम एक शिल्प आहे.

१९४७ साली शांतारामांच्या राजकमलनं ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला. दिग्दर्शनाला बाबूरावांचं आणि शांतारामांचं अशी दोघांची नावं आहेत. ज्यानं कोल्हापुरात या माणसाच्या हाताखाली झाडू मारला होता, त्याच्या मुंबईच्या स्टुडिओत गुरू कामाला आला. लेखन गदिमांचं, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर पडद्यावर, चित्रपट गाजला. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले.

त्यांच्या मूकपटांपैकी आज जवळजवळ काही उरलेलं नाही. ती फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी आणि न पेटली तरी डब्यात सडून जाणारी. भारतात झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी तीसच्या आसपास कमीअधिक तुकड्यांत वाचले आहेत. ‘मुरलीवाला’चे (१९२७) काही अंश त्यांत आहेत. ‘सैरंध्री’ नाही, ‘सिंहगड’ नाही, मूक ‘सावकारी पाश’ नाही. ज्यांनी ते पाहिले त्यांच्या शब्दांवर आपल्याला भागवावं लागतं, आणि ही हानी मोठी आहे.

माणसं मात्र उरली. १९३६च्या ‘सावकारी पाश’मधून चंद्रकांत मांढरे पडद्यावर आले. पुढे भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांतून ते घराघरांत पोचले, पण ब्रश त्यांनीही सोडला नाही. राजारामपुरीतल्या त्यांच्या घरात आज त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. पावडरशेडिंगमधली ती निसर्गचित्रं जवळ जाऊन पाहावीत अशी आहेत. कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांनी मुंबईत ‘मुघल-ए-आझम’ची भव्य पोस्टरं रंगवली, आणि महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत दिसणारं शिवाजी महाराजांचं अधिकृत चित्रही त्यांचंच. पोस्टर रंगवणारा म्हणजे कमी प्रतीचा चित्रकार, हा समज कोल्हापुरात रुजला नाही. बाबूराव स्वतःच पोस्टर रंगवत, मग दुसऱ्या कुणाला त्याची लाज वाटण्याचं कारण नव्हतं.

आणि त्यांचे चिरंजीव रवींद्र मेस्त्री शिल्पकार झाले. कोल्हापुरात शिरताना कावळा नाक्यावर घोड्यावरची ताराराणी दिसते, ती त्यांची. घोडा उधळलेला आहे, पुढचे दोन्ही पाय हवेत आहेत आणि कित्येक टन धातूचा सगळा भार मागच्या दोन पायांवर पेललेला आहे.